वानखडेकाकूंचा तिसरा खंड

जाडजूड कादंबरी पोळपाटावर ठेवून ब्रेडच्या सुरीने तिचे तीन तुकडे करणारी बाई मी आयुष्यात एकदाच पाहिली. अमेरिकेत ट्रॉयला आम्ही घर घेतलं, त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी उठून बघतो तर गाडी कुठे आहे आणि रस्ता कुठे आहे ते कळेना. शेजारी एक मराठी काकू एकट्या राहतात एवढं ऐकलं होतं, म्हणून फावडं मागायला गेलो. बेल वाजवली तर आतून आवाज आला, दार ढकल, उघडंच आहे. आत ओट्याशी पंचाहत्तरीच्या पुढच्या एक ठेंगण्या बाई, अंगात दोन स्वेटर, हातात सुरी. फावडं गराजमध्ये आहे म्हणाल्या, पण आधी हे घट्ट धर. मी मुकाट्याने पुस्तकाचं एक टोक धरलं आणि त्यांनी कण्यातून सुरी चालवली.

मी पुण्याचा. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायचा, अशा घरात वाढलो. शिवाय न मागता मत द्यायची आमच्याकडे रीत आहे. म्हटलं, काकू, अहो हे काय करताय?

"दुरुस्ती," त्या म्हणाल्या. "मूळची तीन भावंडं आहेत बाप्पा ही. एका पोत्यात कोंबली मेल्यांनी."

मग त्यांनी मला उभ्याउभ्या सगळं समजावलं. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात बायकांनी शेकड्याने कादंबऱ्या लिहिल्या. त्या काळी कादंबरी तीन खंडांत निघायची. लोक ती विकत घेत नसत, वाचनालयातून एकेक खंड आणत. पहिला परत केला की दुसरा, दुसरा परत केला की तिसरा. आताचे प्रकाशक तिन्ही एकत्र बांधून छापतात आणि त्यामुळे, काकूंच्या मते, दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईने नेमकं कुठे वाचकाचा श्वास अडकवून ठेवला होता तेच कळेनासं होतं. मी घरी आलो तो फावडं आणि पहिला खंड घेऊन. कादंबऱ्या मी वाचत नाही. सुजाता, म्हणजे माझी बायको, वाचते. बर्फ उपसून मी आत येईस्तोवर तिची पन्नासेक पानं झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तिने मला दुसरा खंड आणायला पिटाळलं. काकूंनी मला दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, वाचणारीला पाठव, नवऱ्याची परीक्षा घेऊन मी काय करू?

ही परीक्षा म्हणजे काकूंच्या वाचनालयाचा कणा होता. पुढचा खंड हवा असेल तर स्वयंपाकघरात बसायचं, चहा घ्यायचा आणि आधीच्या खंडात काय झालं ते आपल्या शब्दांत सांगायचं. मग पुढे काय होईल असं वाटतं, तेही सांगायचं. चुकलात तरी चालेल, पण 'काय माहीत' म्हणायचं नाही. हळूच शेवट वाचून येणाऱ्याला शिक्षा होती. पहिला खंड सगळ्यांसमोर पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायचा.

वाचनालय बेसमेंटमध्ये होतं. भिंतभर शेल्फं काकांनी, म्हणजे डॉक्टर वानखड्यांनी, स्वतः ठोकलेली. काका आम्ही यायच्या आधीच गेले होते. ते भूलतज्ज्ञ. नागपूरहून आले आणि इथल्या एका हॉस्पिटलात जन्मभर लोकांना बेशुद्ध करत राहिले. काकूंनी पोरगा शाळेत जायला लागल्यावर कॉलेजात नाव घातलं आणि पीएचडी केली ती ऊठसूट बेशुद्ध पडणाऱ्या नायिकांवर. नवरा-बायकोच्या व्यवसायात इतकं साम्य मी दुसरीकडे पाहिलं नाही. कापलेल्या प्रत्येक कादंबरीला काकू आपल्या जुन्या सुती साड्यांची कव्हरं घालत. एका कादंबरीला एक साडी. त्यामुळे कुठले तीन खंड एकमेकांचे, ते किनारीवरून कळायचं. मूळ इंग्रजी नावं कोणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून काकूंनीच त्यांना मराठी नावं दिली होती. दुर्दैवी पुतणी, घंटाघर, थोरली वहिनी. कोणी फोनवर विचारायचं, काकू, पुतणीचा दुसरा आला का परत? ऐकणाऱ्याला वाटावं, कोणाच्या तरी नवऱ्याची चौकशी चालली आहे.

माझं काम मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्यांचं. दार उघडताना आवाज होऊ नये म्हणून कंपनी मला पगार देते, हे कळल्यावर काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या करकरणाऱ्या दारांवर उभ्या होत्या. "तुझ्यासारखा एक जण तिथं जन्माला आला असता ना," त्या म्हणाल्या, "तर सगळ्या बायका उपाशी मेल्या असत्या." उपाशी हा शब्द त्या थट्टेने वापरत नसत. त्या बाया पोटासाठी लिहायच्या. कोणाचा नवरा कर्जापायी तुरुंगात, कोणाचा दारूत, पदरात पोरं, आणि छापखान्याचा मालक दारात उभा, पुढच्या हंगामाला अजून एक भूत द्या म्हणून.

त्या नायिकांच्या बेशुद्ध पडण्याला मी एकदा हसलो. पडदा हलला की पडली, पत्र आलं की पडली, पत्र आलं नाही तरी पडली. काकूंनी मला खुर्चीवर बसवलं. त्यांच्या एका चुलतसासूच्या अंगात यायचं. एरवी तिला 'जेवलीस का' एवढंसुद्धा कोणी विचारत नसे, पण अंगात आलं की खुद्द सासरे पाया पडायला यायचे आणि दिवसभर तिला कोणी भांडी घासायला सांगत नसे. "बेशुद्ध पडणं म्हणजे त्या पोरींची कॅज्युअल लीव्ह होती रे," काकू म्हणाल्या. त्यानंतर सुजाता दर शनिवारी मला सांगते, आज माझ्या अंगात येणार आहे, जेवणाचं बघ.

त्या बायकांची नावं पुस्तकावर नसत. 'एका स्त्रीकडून' एवढंच छापायचं. काकूंना हे फार आवडे. आमच्याकडे कुठलंही जेवण पॉटलक असतं, म्हणजे घरटी एकेक पदार्थ करून आणायचा, आणि प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी लावतात, कोणाची भाजी, तिखट का कमी तिखट. काकूंच्या भांड्यावर कायम एकच चिठ्ठी, 'एका स्त्रीकडून'. एकदा गणपतीच्या जेवणात त्यांच्या गोळाभाताला सगळ्यांनी नावं ठेवली. तेल किती, गोळे कच्चे, कोणी केलाय कोण जाणे. काकू ताट घेऊन त्या घोळक्यातच उभ्या राहिल्या आणि गोळे खरंच कच्चे आहेत म्हणून दुजोरा देत राहिल्या. परतताना गाडीत मला म्हणाल्या, नाव नसलं की लोक खरं बोलतात, म्हणून त्या बायका नाव लावत नव्हत्या. मग म्हणाल्या, आणि लावलं असतं तर सासरच्यांनी मारलं असतं, ते एक आहेच.

काकूंचा सगळ्यात इमानी वाचक म्हणजे डॉक्टर सबनीस. निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, उंचेपुरे, बोलताना अजूनही समोरच्याला पेशंट समजणारे. आयुष्यभर वैद्यकीय मासिकांपलीकडे काही वाचलेलं नव्हतं, त्यामुळे वयाच्या सत्तरीत त्यांना कादंबरी लागली ती गोवर मोठेपणी व्हावा तशी लागली. महिन्यातल्या एका रविवारी सगळे वाचक काकूंकडे जमायचे आणि एका कादंबरीवर चर्चा व्हायची. चिवडा काकूंचा, म्हणून मीही जायचो.

एका रविवारी 'दुर्दैवी पुतणी' होती. पहिल्या दोन खंडांत नायिकेचं नाव क्लारा. अनाथ, काकाने डोंगरावरच्या किल्ल्यात डांबलेली. तिसऱ्या खंडात एकदम तिचं नाव लुईसा झालेलं, तिला एक भाऊ फुटलेला आणि किल्ला डोंगरावरून तळ्याकाठी आलेला. मी वाचलेलं नसल्यामुळे मला ते विचित्र वाटलं. वाचलेल्यांना कोणालाच वाटलं नव्हतं. सबनीस तर माझ्यावर उखडलेच. नाव बदलून लपली आहे, ते म्हणाले, खलनायक मागावर आहे ना. मी विचारलं, आणि भाऊ? लहानपणी जत्रेत हरवलेला असणार. इंग्लंडात जत्रा, काका? त्यांच्याकडेही काहीतरी असेलच की. बरं, आणि तो किल्ला?

"समर कॉटेज," सबनीस म्हणाले. "आपल्या इथे नाही का, सगळ्यांची अप नॉर्थला लेक हाऊसेस असतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंनी मात्र तो खंड उचलला, चाळला, काठीचा आधार घेत बेसमेंटमध्ये गेल्या आणि दुसरा एक खंड घेऊन वर आल्या. दोन्हींना तीच जांभळी साडी, तीच किनार. झालं होतं असं, की साडी मोठी निघाली म्हणून त्यांनी एकाच दिवशी, एकाच साडीत दोन कादंबऱ्या बांधल्या होत्या आणि पुतणीला घंटाघराचा शेवट गेला होता. सबंध महिना आठ-दहा शिकलेली माणसं एका बाईची सुरुवात आणि दुसऱ्या बाईचा शेवट वाचून समाधानी होती.

घरात हशा उसळला. काकू हसल्या नाहीत. मी त्यांना इतकं दुखावलेलं आधी पाहिलं नव्हतं. त्या काळचे टीकाकार या बायकांना हेच म्हणायचे, सगळ्या कादंबऱ्या एकसारख्या, एकीची पानं दुसरीत घातली तरी कळायचं नाही. काकूंचा अख्खा प्रबंध त्याच्या विरुद्ध होता. एकेकीचा आवाज कसा वेगळा आहे ते सिद्ध करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांचाच चिवडा खात आम्ही टीकाकारांना जिंकून दिलं होतं. त्यांनी सगळ्यांना दोन्ही कादंबऱ्या नीट, पहिल्यापासून वाचायला लावल्या. तोंडी परीक्षाही कडक घेतली. सबनीस पास झाले, पण जाता जाता म्हणाले, खरं सांगू का वहिनी, बरोबर शेवटापेक्षा चुकीचा शेवट चांगला होता. त्यानंतर बरेच दिवस त्यांना बिनसाखरेचा चहा मिळत होता.

काकूंचा मुलगा नितीन दूर दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला असतो. डेटा सेंटरं, म्हणजे कॉम्प्युटरांची गोदामं, थंड ठेवायची, हे त्याचं काम. मनाने चांगला मुलगा. आईने एकटीने बर्फात राहू नये, आपल्याकडे यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं आणि ते तो दर फोनला म्हणायचा. काकूंचं उत्तर ठरलेलं. मी एकटी कुठे आहे? माझ्याकडे रोज कोणी ना कोणी येतं.

ते खरं होतं. तीन खंड म्हणजे तीन खेपा, हा हिशोब माझ्यासारख्या न वाचणाऱ्यालाही कधीच कळला होता. सबंध कादंबरी दिली असती तर माणूस महिनाभर फिरकला नसता.

मग एका मार्च महिन्यात काकू बेसमेंटच्या शेवटच्या पायरीवरून घसरल्या. घोटा मोडला. फोन वर ओट्यावर. जिना चढणं शक्य नव्हतं, वर कोणी आलं तर हाक मारता येईल म्हणून त्या खालीच भिंतीला टेकून बसून राहिल्या आणि तासाभराने आले सबनीस, त्यांना तिसरा खंड हवा होता. पुढचं दोघंही वेगवेगळं सांगतात. सबनीस म्हणतात, मी आधी घोटा बघितला. काकू म्हणतात, त्यांनी आधी विचारलं, वहिनी, तो किल्ल्यातला संन्यासी जिवंत आहे का? दोघांच्या सांगण्यात एकच गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे अँब्युलन्स येईपर्यंत काकूंनी तिथे जमिनीवर बसून त्यांची दुसऱ्या खंडाची परीक्षा घेतली.

नितीन त्याच रात्री विमानाने आला. दुसऱ्या दिवशी सुजाता आणि मी डबा घेऊन गेलो तेव्हा मायलेकाचं चाललं होतं. काकू प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या आणि बघ, आलंच की नाही कोणीतरी, असं त्याला ऐकवत होत्या.

"समजा सबनीस अंकल स्लो रीडर असते तर?" नितीन म्हणाला.

काकू म्हणाल्या, ते स्लो नाहीत. मग नितीनचा संयम सुटला.

"लोक बुक्ससाठी येतात, आई. तुझ्यासाठी नाही येत. आणि ही सगळी बुक्स ऑनलाइन फ्री आहेत. आय चेक्ड. ज्या दिवशी त्यांना हे कळेल ना, त्या दिवशी कोणीच येणार नाही. मग तू खाली पडून कोणाची वाट बघणार आहेस?"

प्रत्येक गोष्टीवर ज्यांचं उत्तर तयार असे, त्या काकूंनी सुजाताला दूध उतू जातंय का बघायला सांगितलं. गॅसवर दूध नव्हतंच. मला नितीनचा राग आला. तो खोटं बोलत नव्हता, याचा जास्त आला.

पाय बरा झाला आणि काकू जायला तयार झाल्या. वाद नाही, रडारड नाही. घर विकायला काढलं. वाचनालयाचं काय करणार विचारलं तर म्हणाल्या, वाटून टाकते, प्रत्येकाने एकेक कादंबरी निवडा. सुजाताने न वाचलेली 'थोरली वहिनी' निवडली, हिरव्या साडीतली. काकूंनी प्रत्येकाचा गठ्ठा स्वतः बांधला, वर सुतळी, तिला पक्की गाठ. घरी जाऊन सोडा म्हणाल्या. नितीनच्या गाडीत मागे काही जड खोकी होती, ती त्यांनी कोणाला उघडू दिली नाहीत. आम्ही सगळे ड्राइव्हवेत उभे राहून हात हलवत होतो. काकू पुढच्या सीटवर सरळ बसून होत्या, वळून बघितलं नाही. सुजाता रडली आणि तिच्याकडे बघायला नको म्हणून मी छपराची पन्हळ साफ करायला घेतली.

संध्याकाळी तिने सुतळी सोडली. पहिला खंड, दुसरा खंड. संपलं. तेवढ्यात सबनीसांचा फोन, अहो, माझा तिसरा चुकून तुमच्याकडे आलाय का? अर्ध्या तासात सगळ्या ट्रॉयचे फोन येऊन गेले. तिसरा कोणाकडेच नव्हता. सगळे तिसरे खंड त्या जड खोक्यांत बसून ओहायो ओलांडत होते. सुजाताने काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांचा आवाज अगदी शांत होता. तिसरे इकडे आहेत, म्हणाल्या, न्यायला या. पोस्टाने पाठवणार नाही.

अ‍ॅशबर्न म्हणजे आठ-नऊ तासांचा ड्राइव्ह. सबनीस म्हणाले, फोनवर फुकट आहे म्हणतात. सुजाता त्यांना म्हणाली, ती चीटिंग आहे, काका, आणि तिने दोन्ही खंड देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिले. थँक्सगिव्हिंग झालं, नाताळ झाला. दर रविवारी ती काकूंशी बोलायची आणि फोन ठेवताना काकू दर वेळी विचारायच्या, अजून कोणी निघालं नाही का? हसतहसतच विचारायच्या. पण निघालं कोणीच नव्हतं. एप्रिलमध्ये सुजाता मला म्हणाली, सुट्टी टाक. नितीनचं खरं होतंय.

नितीनचं टाउनहाऊस चकचकीत, आणि त्याच्या मागे रस्त्यापलीकडे एक प्रचंड, बिनखिडक्यांची करडी इमारत, डेटा सेंटरची. काकू काठी टेकत दारात आल्या. बारीक झाल्या होत्या. आत घ्यायच्या आधी त्यांनी ती इमारत दाखवली. "बघा, शेवटी किल्ल्यात आली मी. खिडकी नाही, आत कोण राहतं ठाऊक नाही, अन् रात्रंदिवस घुमून राहते. आणि हा आमचा संन्यासी." संन्यासी अर्ध्या चड्डीत चहा करत होता. त्याला आम्ही कुठल्या तरी लग्नाला आलोय असं वाटत होतं. लग्न नाही म्हटल्यावर तो जरा गोंधळला.

काकूंनी वेळ घालवला नाही. सुजाताला समोर बसवलं. तिसरा खंड मांडीवर, हिरवी किनार वर दिसेल अशी. बोल, म्हणाल्या. सुजाता सांगू लागली. थोरली वहिनी घरात सगळ्यांशी फटकून का वागते, धाकटी जाऊ आल्यावर काय होतं, दाईकडे ठेवलेलं ते मूल, पळालेला माळी. छान सांगत होती. काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

"आणि मग वहिनी कोर्टात खोटं सांगते," सुजाता म्हणाली, "कारण मूल तिचंच असतं ना."

काकूंनी डोळे उघडले.

"मूल तिचं आहे, हे दुसऱ्या खंडात नाही."

सुजाता लाल झाली. मी तिच्याकडे बघतच राहिलो, कारण मलाही माहीत नव्हतं. नितीन चहाचा ट्रे घेऊन मधेच उभा.

"वाचून झालं तुझं," काकू म्हणाल्या.

"हो, काकू. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. फोनवर."

"मग एवढ्या लांब काहून आली?"

"फोनने मला काही विचारलं नाही, काकू."

काकूंनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या बाहीने बराच वेळ पुसला. मग नितीनकडे बघून म्हणाल्या, "ऐकलं?"

"ऐकलं, आई," तो म्हणाला आणि ट्रे खाली ठेवायचं विसरला.

शिक्षा मात्र माफ झाली नाही. जेवण झाल्यावर सुजाताला आम्ही बरोबर आणलेला पहिला खंड पहिल्या पानापासून मोठ्याने वाचावा लागला. नितीन मीटिंग आहे म्हणून उठणार होता, तो वहिनी जिना उतरून येते तिथपर्यंत थांबला आणि मग थांबलाच.

दुसऱ्या दिवशी आमची बॅग गाडीत ठेवताना तो मला हळूच म्हणाला, तो सेकंड व्हॉल्यूम ठेवून जाता का, प्लीज? पहिला रात्रीत संपवला होता. काकूंनी दारातून ऐकलं. त्याच्या हातात देऊ नका म्हणाल्या. सुजाताने दुसरा खंड त्याच्या डोक्यावरून काकूंच्या हातात दिला.

गाडी वळवताना मी आरशात बघितलं. मागे तो करडा किल्ला घुमत होता. काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, खंड पदराखाली धरावा तसा स्वेटरखाली धरलेला, आणि पायरीवर त्यांचा पन्नाशीचा मुलगा हातवारे करून त्यांना काहीतरी सांगत होता. मधेच त्यांनी मान हलवून त्याला थांबवलं. बहुतेक माळ्याचं चुकलं असावं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.